तासाभराची चिप

वहिनींचा धंदा दातांचा, पण त्या डॉक्टर नव्हत्या. डॉक्टरांनी पेशंटच्या हिरड्यांची मापं घ्यायची आणि वहिनींनी घराच्या मागच्या खोलीत बसून त्यावरून कवळी घडवायची, असं ते काम. मेणाचा वास, प्लास्टरची पांढरी धूळ, घासायच्या छोट्या मशीनची घरघर, आणि खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडलेले गुलाबी जबडे. पहिल्यांदा घरात येणारा माणूस ते बघून दचकायचाच. वहिनी म्हणायच्या, "घाबरू नका, अजून कुणाला चावले नाहीत."

त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. गल्लीच्या त्या वहिनी, आणि डॉक्टरांच्याही वहिनीच. नवरा बोटीवर इंजिनच्या कामाला. सहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. बाकीच्या दिवसांत घरात त्या आणि त्यांचे सासरे, अण्णा.

अण्णांनी तीस वर्षं शहरातली बस चालवली होती. अंगाने अजून ताठ, मान कशी सरळ, पण दोन वर्षांपासून डोक्यातलं एकेक निसटायला लागलं होतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग शेजाऱ्यांची नावं, मग जेवण झालं की व्हायचंय ते. आपली बायको जाऊन सात वर्षं झाली हेसुद्धा ते विसरायचे. वहिनींनी सुरुवातीला दोनदा खरं सांगितलं आणि दोन्ही वेळा तो माणूस नव्याने रडला. तेव्हापासून त्या म्हणायच्या, "बाजारात गेल्यात, येतील." अण्णांना ते पटायचं. "तिला बाजारात वेळ लागतोच," असं म्हणून ते पेपर उघडायचे.

सकाळी कवळ्या पोचवायला आणि नवी मापं आणायला वहिनी आपली जुनी छोटी गाडी काढायच्या. अण्णांना एकटं कुठे ठेवणार? म्हणून तेही पुढच्या सीटवर. मांडीवर कवळ्यांचा डबा घेऊन ते असे बसायचे की जणू गाडी त्यांचीच आणि वहिनी शिकाऊ. "गिअर उशिरा टाकलास." "आरसा बघ, आरसा. नुसता टिकली लावायला नसतो तो." "ब्रेक असा मारायचा असतो की उभ्या माणसाचा चहा सांडता कामा नये." वहिनी कधी हसायच्या, कधी दात-ओठ खायच्या. एकच वाक्य एका फेरीत अकरा वेळा ऐकलं की देवमाणसाचंही डोकं उठेल, आणि वहिनी काही स्वतःला देवमाणूस समजत नव्हत्या.

त्या गाडीत कॅमेरा आला तो ताईंमुळे. ताई म्हणजे अण्णांची थोरली मुलगी, वहिनींची मोठी नणंद. विमा कंपनीच्या ऑफिसात अपघातांच्या फायली बघायचं काम. दिवसभर 'धडक कुणी दिली' यावरून माणसं एकमेकांवर धडधडीत खोटं बोलताना पाहून त्यांचा जगावरचा विश्वास जरा पातळच झाला होता. एका रविवारी त्या वडिलांना भेटायला आल्या आणि पिशवीतून काडेपेटीएवढं एक काळं खोकं काढलं.

"हे काचेला चिकटवायचं. गाडी सुरू झाली की आपोआप चालू होतं. समोरचं सगळं टिपतं. स्वस्तातलं आहे, पण निदान कुणी तुला ठोकून वर तुझ्यावरच उलटला तर पुरावा राहील."

"आवाजपण येतो का यात?" वहिनींनी विचारलं.

"येतो. गाडीत बोललेलं सगळं ऐकू येतं."

वहिनी 'बरं' म्हणाल्या, पण त्या 'बरं'ला धार होती. ताई वर्षाला चार-पाचदा येणार, फळं आणणार, वडिलांच्या अंगावरून हात फिरवणार, 'किती वाळलेत' म्हणणार आणि संध्याकाळी निघून जाणार. आणि आता हे यंत्र! म्हणजे आपण म्हाताऱ्याशी कसं बोलतो, कधी खेकसतो, हे ऐकायची सोय. वहिनींच्या मनात हा काटा रुतला तो रुतलाच. तोंडाने त्या काही बोलल्या नाहीत. ताईंच्या जावयाने येऊन कॅमेरा आरशाखाली चिकटवला, वायर कडेने खोचली आणि चार गोष्टी सांगितल्या. त्यातली एक अशी, की सोबत आलेली चिप अगदी लहान आहे, तासाभराचंच चित्रण तिच्यात मावतं. भरली की कॅमेरा जुनं पुसून त्यावर नवं लिहीत जातो. वहिनींनी मान डोलावली आणि घरात येईपर्यंत त्या ते विसरूनही गेल्या.

अण्णांनी मात्र दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्याबसल्या त्याच्याकडे बोट केलं. "हा कोण डोळे वटारून बसलाय?"

"ताईंनी दिलाय. रस्त्यावर लक्ष ठेवतो."

"म्हणजे तिकीट तपासनीस," अण्णा म्हणाले, आणि अंगावरचा स्वेटर सारखा केला. तेव्हापासून रोज गाडीत बसताना ते काचेकडे बघून अदबीने मान हलवायचे.

चार महिने गेले. कॅमेऱ्याने काय टिपलं असेल? ट्रकांच्या पाठी, सिग्नलचे खांब, वायपरची फडफड, काचेवर येऊन बसलेलं कबुतर. कुणी ठोकलं नाही, कुणी उलटलं नाही. वहिनींना तो काचेला लागलेल्या डागासारखा वाटायला लागला, असून नसल्यासारखा.

मग तो मंगळवार आला. अण्णांना दोन दिवस खोकला होता, नाक गळत होतं. बाहेर बोचरं वारं. अशात त्यांना गाडीतून फिरवणं वहिनींच्या जिवावर आलं. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, सगळे त्यांना बाई म्हणत. त्या म्हणाल्या, "जा ग तू. मी बसते त्यांच्याजवळ. माझं विणकाम इथे होईल."

वहिनी साडेआठला निघाल्या. नऊच्या सुमाराला बाई गॅसवरचं दूध बघायला दोन मिनिटं आपल्या घरात गेल्या. परत आल्या तर दार सताड उघडं आणि खुर्ची रिकामी. त्यांनी गल्ली पालथी घातली, कोपऱ्यावरचं दुकान विचारलं, बागेत बघितलं, आणि मग वहिनींना फोन लावत बसल्या. एक, दोन, पाच, आठ. वहिनींचा फोन पर्समध्ये मुका होऊन पडला होता. दवाखान्यांत वाजलेला चालत नाही म्हणून त्या सकाळीच आवाज बंद करून टाकायच्या.

साडेदहाला शेवटच्या दवाखान्यातून बाहेर पडताना त्यांनी फोन पाहिला. बाईंचे एकोणीस कॉल. पायरीवरच उभं राहून त्यांनी उलट फोन लावला, अण्णा घरात नाहीत एवढं ऐकलं आणि त्या गाडीकडे धावल्या.

त्या घरी आल्या तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या, हातात अर्धवट विणलेला मोजा तसाच. "माझंच चुकलं ग," असं म्हणून त्या रडायला लागल्या. वहिनींनी त्यांना जवळ घेतलं आणि मग आत जाऊन पाहिलं. साखरेच्या आजाराची सकाळची गोळी अण्णांनी घेतली होती आणि नाश्ता तसाच ताटलीत होता. गोळी पोटात आणि अन्न नाही, म्हणजे चक्कर येणार, माणूस कुठेही कोसळणार. पायात घरातल्या चपला. खिशात कागदाचा कपटासुद्धा नाही.

चौकीत हवालदाराने सगळं नीट लिहून घेतलं. वय, उंची, स्वेटरचा रंग. "फोटो पाठवतो सगळीकडे. आजोबा चालतच गेले असणार, फार लांब नसतील," तो म्हणाला. वहिनींनी गाडी काढली आणि एकेक रस्ता बघत निघाल्या. प्रत्येक पांढऱ्या केसांपाशी त्यांचा पाय ब्रेकवर जायचा. मधल्या वेळात ताईंना फोन केला. काय सांगणार? तुमचे वडील माझ्या ताब्यात होते आणि ते हरवले?

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. एकदाही 'असं कसं झालं' म्हणाल्या नाहीत. पाच मिनिटांनी त्यांचाच उलट फोन आला, आणि आवाज असा की वहिनींनी फोन कानापासून लांब धरला.

"तू गाडीत आहेस?"

"हो, शोधतेच आहे."

"गाडी बंद कर. आत्ताच्या आत्ता. जिथे असशील तिथे!"

वहिनींनी दचकून गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवली. "का हो ताई? काय झालं?"

"तू सकाळपासून त्याच भागात फिरतेयस ना? अण्णा नऊनंतर रस्त्यावरच होते. तुला दिसले नसतील, पण कॅमेऱ्याला दिसले असतील. गाडी जितकी चालवशील तितकं जुनं पुसलं जाईल. तासाभराचीच चिप आहे ती. आता किती वेळ गाडी चालली असेल?"

वहिनींनी बोटं मोजली. घर ते पहिला दवाखाना, तिथून दुसरा, तिसरा, परत घर, मग हा शोध. काही केल्या हिशेब जुळेना. "पाऊण तास. नाही, जास्त. तासाच्या आसपास झाला असेल हो."

"चिप काढ. उजवीकडे खाच आहे, नखाने दाब. जवळ कुठे कॉम्प्युटर आहे बघ. मी निघालेच."

चिप वहिनींच्या तळहातावर आली ती करंगळीच्या नखाएवढी. एरवी त्या एकेक दात चिमट्याने धरून बसवतात, हात कधी कापत नाही. आज ती चिप दोनदा सीटखाली पडली. रस्त्यापलीकडे झेरॉक्सचं दुकान होतं. आत जाऊन त्यांनी काउंटरवर चिप ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. झेरॉक्सवाला चष्म्यावरून बघत होता. त्याच्यासमोर दोन गिऱ्हाईकं कागद घेऊन उभी होती. त्याने त्यांना म्हटलं, "तुमचं नंतर. आजोबा आधी." आणि गिऱ्हाईकंही 'हो हो' म्हणत बाजूला झाली.

ताई आल्या तोवर त्याने चिपमधलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. तीन-तीन मिनिटांचे वीसेक तुकडे. मेख अशी, की कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावलंच नव्हतं. चित्राच्या कोपऱ्यात कुठल्या तरी भलत्याच वर्षाची तारीख आणि पहाटेची वेळ. म्हणजे नऊनंतरचं नेमकं काढता येईना, एकेक तुकडा बघणंच आलं.

ते सुरू झालं दुसऱ्या दवाखान्याच्या गल्लीपासून. त्याच्या आधीचं सकाळचं सगळं पुसलं गेलं होतं. ताईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. पडद्यावर रस्ता यायचा आणि मागे जायचा. फुटपाथवरची माणसं, दुधाच्या क्रेट, शाळेची बस. चित्र अगदी लख्ख नव्हतं, स्वस्तातलाच तो, उन्हात सगळं जरा फिकं पडायचं. तरी माणूस ओळखू यायचा.

तिसऱ्या तुकड्यात पाण्याच्या टाकीजवळचा मोठा चौक आला. सिग्नल लाल. वहिनींची गाडी दोन गाड्यांच्या मागे उभी राहिली. आणि उजवीकडच्या दुभाजकावर, वाहनांच्या मधोमध, निळा स्वेटर.

"थांबवा!" दोघी एकदमच ओरडल्या.

अण्णाच होते. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. एक हात वर केलेला, पूर्वी बस मागे घेताना वाहकाने करावा तसा. वहिनींनी तोंडावर हात घेतला. इतके जवळ! गाडीतून उतरून वीस पावलं टाकली असती तर हात धरता आला असता. त्या वेळी त्या काय करत होत्या?

झेरॉक्सवाल्याने पुढे चालू केलं, आणि आता आवाजही ऐकू आला. आधी इंजिनची घुरघुर. मग वहिनींचा स्वतःचा आवाज, मोठ्ठा उसासा सोडणारा:

"हुश्श! आज कसं मोकळं मोकळं वाटतंय बाई. एक दिवस तरी डोकं शांत."

आणि पाठोपाठ गुणगुणणं.

झेरॉक्सवाला उगाच माउस पुसायला लागला. वहिनींना वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. चार महिने ज्याची भीती धरली होती तेच झालं होतं, तेही अशा वेळी. समोर तो म्हातारा जीव गाड्यांच्या मधोमध उभा, आणि इकडे सून मोकळी झाल्याचं गाणं गातेय. ऐकायला शेजारी खुद्द त्याची लेक.

ताईंचे डोळे पडद्यावरच होते. "मागे घ्या जरा," त्या म्हणाल्या. झेरॉक्सवाल्याने मागे घेतलं. पुन्हा तेच 'हुश्श', पुन्हा तेच गुणगुणणं. वहिनींनी मान खाली घातली.

"ताई, मी..."

"गप्प. मी आवाज ऐकत नाहीये, तो टेम्पो बघतेय." ताईंनी बोट पडद्यावर टेकवलं. मग वहिनींकडे न बघताच त्या म्हणाल्या, "आणि ऐकलं तरी काय झालं? मी चार तासांसाठी येते, तर परत जाताना बसमध्ये बसल्यावर हेच म्हणते. शब्दही हेच. तू दोन वर्षं रोज सांभाळतेयस. रडू नकोस आता, टेम्पो बघ."

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि टेम्पो बघितला. छोटा, मागे उघडा, काळ्या पिशव्यांतल्या रोपांनी भरलेला. मधोमध दोरीने बांधलेलं एक उंच झाड. टेम्पो दुभाजकापाशी थांबला, टोपीवाला एक माणूस उतरला, मागच्या गाड्यांना हाताने थोपवलं, अण्णांचा कोपर धरला आणि त्यांच्याशी काहीतरी बोलला. अण्णांनी मान हलवली. त्या माणसाने वाकून रस्त्यावरची दुसरी चप्पल उचलली, अण्णांना पुढच्या सीटवर बसवलं, आणि टेम्पो डावीकडे वळून चित्राबाहेर गेला. मग सिग्नल हिरवा झाला आणि वहिनींची गाडी सरळ निघून गेली.

टेम्पोचा नंबर काही वाचता येईना. नुसते पसरलेले पांढरे ठिपके. ताईंनी चित्र मोठं करायला लावलं, तर ठिपके मोठे झाले. "एवढ्यासाठी जास्तीचे पैसे टाकायला हवे होते मी," त्या पुटपुटल्या.

"नंबर कशाला हवाय ताई?" झेरॉक्सवाला म्हणाला. "डावीकडे वळला ना? तो रस्ता दगडखाणीकडे जातो. तिकडे झाडांच्या नर्सऱ्या आहेत, ओळीने तीन. रोपं घेऊन दुसरीकडे कुठे जाणार तो?"

आता सगळं कॉम्प्युटरवर उतरवलेलं होतं, गाडी चालवायला हरकत नव्हती. ताईंनी हवालदाराला फोन करून टेम्पोचं सांगितलं. वहिनींनी झेरॉक्सवाल्यापुढे पर्स उघडली तर त्याने दोन्ही हात जोडले. "आधी जा. सापडले की फक्त एक फोन करा, नाहीतर मला इथे चैन पडणार नाही." बाजूला थांबलेली गिऱ्हाईकंसुद्धा म्हणाली, "सापडतील हो, नक्की सापडतील." वहिनींना त्या अनोळखी चेहऱ्यांचं इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी प्रत्येकाकडे बघून मान लववली.

पहिल्या नर्सरीत कुणाला काही माहीत नव्हतं. दुसरीचं फाटक बंद. तिसरीपर्यंत पोचेस्तोवर ताई पुढच्या सीटवर बसून दरवाजाची मूठ आवळून होत्या, आणि वहिनी मनात एकच घोकत होत्या, चक्कर आलेली नसू दे, नुसती चक्कर आलेली नसू दे.

तिसऱ्या नर्सरीच्या फाटकातूनच आवाज ऐकू आला.

"येऊ दे, येऊ दे! मागे... अजून मागे... डावीकडे मार! बस्स!"

अण्णा उपड्या टोपलीवर बसले होते, अंगावर कुणाची तरी शाल, आणि हात वर करून टेम्पो मागे घ्यायला लावत होते. टेम्पोत तोच टोपीवाला. आज्ञाधारक पोरासारखा तो खिडकीतून मान काढून विचारत होता, "आता ठीक आहे, मास्तर?"

वहिनी धावल्या त्या कशा धावल्या हे त्यांनाच कळलं नाही. त्या अण्णांच्या पायांशी मातीतच बसल्या आणि त्यांचे दोन्ही हात धरले. हात गरम होते. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग ताईंकडे, आणि कपाळाला आठी घातली. "कुठे होतात दोघी? मी सकाळपासून वाट बघतोय. इथल्या ड्रायव्हरला रिव्हर्स अजिबात येत नाही."

ताई एवढा वेळ दगडासारख्या होत्या. हे ऐकून त्यांना हसू फुटलं, आणि हसताहसताच त्या ढसाढसा रडायला लागल्या. वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या. "अगं, स्वेटर ओला होईल," अण्णा म्हणाले.

टोपीवाला ती नर्सरी चालवायचा. त्याने सगळं सांगितलं. चौकात आजोबा गाड्यांच्या मध्ये उभे दिसले, तर उतरून विचारलं, कुठे जायचंय. ते म्हणाले, 'डेपोत. माझी ड्यूटी आहे.' घरचा पत्ता विचारला तर खडाखडा सांगितला. तिथे घेऊन गेलो तर घराच्या जागी गोदाम. आजूबाजूला विचारलं, कुणालाच काही माहीत नाही.

"तो आमच्या जुन्या घराचा पत्ता," ताई म्हणाल्या. "मी शाळेत जायच्या आधीचा."

"मग खाणीजवळच्या चौकीत कळवलं. तिथे त्यांनी वय विचारलं, तर मास्तर म्हणाले चौतीस. शिपाई म्हणाला, कुणी शोधत आलं की कळवतो, तोवर तुमच्याकडेच बसवा. म्हणून मी त्यांना इथेच घेऊन आलो. थरथरत होते, घाम फुटलेला. माझ्या आईला साखरेचा त्रास होता, मला ते रूप ओळखीचं. गोड दूध दिलं, पाव दिला. अर्ध्या तासात तरतरी आली. तेव्हापासून मला टेम्पो लावायला शिकवताहेत."

वहिनींना काहीतरी बोलायचं होतं. दूध दिलंत, पाव दिलात, शाल दिलीत, चप्पल उचलून आणलीत. एवढ्या गाड्या होत्या त्या चौकात, त्यांत माझीही होती, आणि थांबलात तुम्ही एकटे. पण त्यांच्या तोंडून नुसतंच "दादा..." बाहेर पडलं आणि त्यांनी हात जोडले. टोपीवाल्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "अहो, असू द्या. माझी आईही एकदा अशीच भरकटली होती. कुणीतरी तिला घरापर्यंत आणून सोडलं. आम्ही दार उघडेपर्यंत तो माणूस निघूनही गेला होता. आभार कुणाचे मानायचे तेच कळलं नाही. ते राहिलेलं देणं आज असं फिटलं, म्हणजे झालं."

निघताना झेरॉक्सवाल्याला फोन झाला, हवालदाराला झाला, बाईंना झाला. बाई पलीकडून फक्त रडल्या. परतीच्या वाटेवर अण्णा पुढे आपल्या सीटवर बसले आणि ताई मागे. आरशाखालच्या कॅमेऱ्याकडे बघून अण्णांनी रोजच्यासारखी मान हलवली, आणि पहिल्याच वळणावर म्हणाले, "गिअर उशिरा टाकलास." वहिनी म्हणाल्या, "चुकलं अण्णा." तो रस्ता संपेपर्यंत तेच वाक्य सात वेळा आलं. सातही वेळा वहिनींना ते ऐकायला गोड लागलं. आठव्या वेळेपासून पुन्हा नेहमीसारखं, हेही खरं.

घरी अण्णा जेवले आणि झोपले. दुपारच्या उन्हाची तिरीप कट्ट्यावरच्या जबड्यांवर पडली होती. दोघी मागच्या खोलीत चहा घेऊन बसल्या. वहिनींनी कप खाली ठेवला.

"ताई, एक सांगते. मला वाटलं होतं, तो कॅमेरा तुम्ही माझ्यावर नजर ठेवायला दिलाय."

ताईंनी फुंकर मारता मारता थांबून पाहिलं. "तुझ्यावर? अगं, ऑफिसात मागच्या वर्षी एक फाईल आली. एक बाई, शेजारी सासू बसलेली. मागून एका ट्रकने ठोकलं, आणि ट्रकवाला म्हणाला हीच एकदम थांबली. साक्षीदार कुणी नाही. सगळं तिच्या अंगावर आलं. ती फाईल बंद करताना मला सारखी तूच दिसत होतीस. आणि अण्णा." त्यांनी चहाचा घोट घेतला. "हे तोंडाने सांगायला हवं होतं. मी नुसतं खोकं दिलं. आपल्या घरात वस्तू देतात, बोलत नाहीत कुणी."

"मी तरी कुठे विचारलं?" वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी ताईंचा हात धरला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच. "तुमच्यामुळे आज ते घरात झोपलेत."

"माझ्यामुळे नाही. तू रोज त्याच रस्त्यांवरून फिरतेस म्हणून." ताईंनी हात सोडवून घेतला नाही. "आणि हे बघ, दर गुरुवारी मी अर्धी रजा टाकणार. दुपारी येऊन अण्णांना घेऊन जाईन. रात्री आणून सोडेन. तू त्या वेळात काय वाटेल ते कर."

"अहो, तुमचं ऑफिस..."

"ऑफिस काही पळून जात नाही."

त्या आठवड्यात बरंच काही झालं. दाराला वरच्या बाजूला कडी बसली. अण्णांच्या मनगटात नाव आणि फोन नंबर कोरलेलं कडं आलं. 'घड्याळ कुठे आहे यात?' असं त्यांनी बरेच दिवस विचारलं, पण काढलं नाही. बाईंनी मोजे पुरे केले आणि अण्णांना घालून दिले. ताईंच्या जावयाने कॅमेऱ्याचं घड्याळ लावलं आणि मोठी चिप बसवली. लहान चिप वहिनींनी फेकली नाही. निळा स्वेटर दिसतो तो चित्रणाचा तुकडा तेवढा त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून तिच्यात परत घालून घेतला, उसासा आणि गुणगुणणं सगळ्यासकट, आणि ती मेणाच्या खणात एका कागदात गुंडाळून ठेवली.

नर्सरीवाल्याकडे त्या पुढच्या सोमवारी गेल्या, अण्णांना घेऊनच. टोपीवाल्याने काही घेतलं नाही. मग वहिनी आठवड्याला एकदा सकाळची फेरी संपवून तिकडे वळायला लागल्या. अण्णा टोपलीवर बसून टेम्पो लावून घ्यायचे आणि वहिनी तेवढा वेळ काळ्या पिशव्यांत माती भरायच्या. नाजूक बोटांचं काम त्यांना सवयीचं होतं, रोप मुळाला धक्का न लागता बसायचं. टोपीवाला नको नको म्हणायचा. वहिनी ऐकायच्या नाहीत.

पहिल्या गुरुवारी ताई बरोबर एकला आल्या. अण्णा तयार होऊन बसले होते, केस ओले करून विंचरलेले. दोघं बापलेक हळूहळू पायऱ्या उतरले, आणि खालून अण्णांचा आवाज वर आला, "आपण बाजारात चाललोय ना? तुझी आई तिकडेच असेल."

ताईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला. म्हणाल्या, "हो अण्णा. चला, बघू या."

वहिनी वरून, दारातून बघत राहिल्या. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी हात हलवला, आणि मग आत येऊन डॉक्टरांनी पाठवलेलं नवं माप टेबलावर घेतलं.